आरव्हीत राहून कॅम्पग्राउंड होस्ट: अर्जापासून मुक्काम हलवेपर्यंत

अमेरिकेतल्या सरकारी कॅम्पग्राउंडच्या (तंबू-गाड्या लावून मुक्काम करायच्या जागेच्या) तोंडाशी एखादी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, महिनोन्‌महिने उभी दिसते. दारापाशी ‘कॅम्प होस्ट’ची पाटी, बाहेर दोन खुर्च्या, बाजूला सरपणाची रास. आत राहणारं जोडपं बहुधा निवृत्त असतं. कॅम्पग्राउंडकडे तेच बघतात आणि त्या बदल्यात वीज-पाण्याची सोय असलेली जागा त्यांना बिनभाड्याची मिळते. ऐकायला हे फुकट वाटतं, पण तासांच्या बदल्यात जागा असा हा रोखठोक व्यवहार आहे. किती तास, कसली कामं आणि नेमकी कुठली जागा, हे गाडी हलवायच्या आधी कागदावर आलं तर मोसम मजेत जातो. नाही आलं, तर जुलैच्या मध्यावर कुरबुरी सुरू होतात आणि तोवर दुसरीकडे जागा शिल्लक नसते.

सगळ्यात आधी व्हिसा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी इथूनच सुरुवात करावी. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर अडचण नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल, किंवा मुलांकडे सहा महिन्यांसाठी पर्यटक व्हिसावर आलेले आईवडील असाल, तर ‘पगार कुठे घेतोय, सेवाच तर करतोय’ हा युक्तिवाद धरून चालू नका. कामाच्या बदल्यात मिळणारी जागा हा मोबदला मानला जाऊ शकतो, आणि मग ते विनापरवाना काम ठरतं. नॅशनल पार्क सर्व्हिस परदेशी स्वयंसेवक घेते, पण त्यांच्यासाठी जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसाची वेगळी वाट आहे. शंका असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा; भरून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

कोणाकडे अर्ज करायचा

संघराज्याच्या जागांसाठी व्हॉलंटिअर डॉट गव्ह हे एकच संकेतस्थळ आहे. नॅशनल पार्क सर्व्हिस, फॉरेस्ट सर्व्हिस, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या सगळ्यांच्या जाहिराती तिथेच येतात. राज्यांच्या उद्यानांचे अर्ज मात्र त्या त्या राज्याच्या संकेतस्थळावर भरायचे. ऑरेगन, टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया या राज्यांत होस्ट ठेवायची पद्धत चांगली रुळलेली आहे.

इथे एक फरक ओळखायला शिका. फॉरेस्ट सर्व्हिसची बरीच कॅम्पग्राउंड खासगी कंत्राटदार चालवतात. तिथला होस्ट त्या कंपनीचा नोकर असतो, त्याला पगार मिळतो आणि वर्षाअखेरीस डब्ल्यू-२ हा पगाराचा कर-दाखला येतो. कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या तलावांवर फाटकावर बसणारे ‘गेट अटेंडंट’ही बहुधा बोली लावून कंत्राट घेतलेले असतात. ही कामं वाईट नाहीत, पण ते स्वयंसेवन नव्हे. नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवसायाला अमेरिकी कामगार कायद्यानुसार स्वयंसेवक वापरता येत नाहीत. त्यामुळे एखाद्या खासगी आरव्ही पार्कने ‘आमच्याकडे व्हॉलंटिअर होस्ट हवेत’ अशी जाहिरात दिली, तर तिथून काढता पाय घ्या.

उन्हाळ्याचा मोसम म्हणजे मे अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत. या जागांच्या जाहिराती आदल्या शरद ऋतूपासूनच यायला लागतात आणि नावाजलेल्या उद्यानांतल्या जागा हिवाळ्यातच भरतात. एप्रिलमध्ये जागे झालात तर कोणी ऐनवेळी गळालेल्याची रिकामी जागा मिळेल, पण निवड तुमची नसेल. हिवाळ्याचं गणित उलटं: ॲरिझोना, दक्षिण टेक्सास, फ्लोरिडा इथे थंडीत गर्दी असते. ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटजवळ ब्युरोची दीर्घ मुक्कामाची क्षेत्रं १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल चालतात आणि तिथेही होस्ट लागतात.

अर्जात आरव्हीची लांबी बंपरपासून बंपरपर्यंत मोजून लिहा. ट्रेलर असेल तर पुढचा दांडा धरून. कॅटलॉगमधला आकडा मॉडेलचं नाव असतो, माप नसतं. ‘२८’ नावाचा ट्रेलर प्रत्यक्षात ३२ फूट भरू शकतो. पुढे मागाल ती जागा याच आकड्यावर ठरते. पार्श्वभूमीची तपासणी जवळजवळ सगळीकडे होते, काही ठिकाणी बोटांचे ठसेही लागतात. त्याला काही आठवडे जातात हे धरून चाला.

फोनवर काय विचारायचं

मुलाखत बहुधा फोनवर अर्धा तास होते. तुम्ही जितकी उत्तरं द्याल तितकेच प्रश्नही विचारा. पहिला प्रश्न: आठवड्याचे तास माणशी की जागेमागे? ‘२४ तास’ या एका शब्दात दुपटीचा फरक लपलेला असतो. हिशेब साधा आहे. समजा जवळच्या खासगी पार्कात तशाच जागेचं महिन्याचं भाडं ८०० डॉलर आहे. जोडप्याने मिळून आठवड्याला २४ तास काम केलं, तर महिन्याचे साधारण १०४ तास होतात, म्हणजे तासाला ७.७० डॉलरच्या आसपास. दोघांनी प्रत्येकी ४० तास केले, तर तेच भाडं तासाला २.३० डॉलर पडतं. त्यावर पार्क कितीही सुंदर असो, विचार करा.

मग जोडण्या. ‘फुल हुकअप’ म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही. वीज ३० अँपची की ५० ची? सांडपाण्याची जोडणी जागेवरच आहे, की दर आठवड्याला गाडी हलवून डंप स्टेशनवर (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणी) न्यावी लागेल? चार महिने छत-ताडपत्री मांडून बसलेल्याला दर आठवड्याला सगळं आवरायला लावणं म्हणजे छळ आहे. शेगडी-फ्रिजला लागणारा प्रोपेन गॅस कोण भरून देतं? मोबाइलला रेंज आहे का, नसेल तर वॉकीटॉकी मिळतो का? स्टारलिंकवर भिस्त असेल तर जागेवरून उत्तरेचं आकाश मोकळं दिसतं का? घनदाट झाडीत ती तबकडी दर काही मिनिटांनी तुटते. सुट्टीचे दिवस कोणते? शनिवार-रविवार मिळणार नाहीत, मंगळवार-बुधवार मिळतील. पण ते सलग आहेत ना, आणि त्या दिवशी बदली कोण?

शेवटी होस्टच्या जागेचा फोटो मागा. होस्टची जागा मुद्दाम प्रवेशाशी असते, म्हणजे येणारी प्रत्येक गाडी तुमच्या खिडकीसमोरून धूळ उडवत जाणार. कधी ती शौचालयाला लागून असते, कधी डंप स्टेशनशेजारी. फोटो पाठवायला कोणी टाळाटाळ केली, तर ते उत्तरच समजा.

करार वाचायचा कसा

संघराज्याच्या संस्थांमध्ये ओएफ-३०१ए हा स्वयंसेवी सेवेचा करार सही होतो. त्यातला कामाच्या वर्णनाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. काम करताना इजा झाली तर संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना मिळणारी नुकसानभरपाई स्वयंसेवकालाही मिळते, पण ती करारात लिहिलेल्या कामापुरती. रेंजरने सहज म्हटलं, ‘ती पडलेली फांदी जरा कापून टाकाल का?’ आणि करारात करवतीचा उल्लेख नाही, तर हात लावू नका. फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये चेनसॉला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. शिडीवर चढणं, गवत कापायचं यंत्र, सरकारी गाडी चालवणं हेही तसंच. करायची हौस असेल तर आधी लिहून घ्या, मग करा. सहीच्या तारखेआधी केलेलं काम या कवचात येत नाही, म्हणून दोन दिवस लवकर पोचलात तर ते दोन दिवस फिरा.

आरव्ही चार महिन्यांसाठी उभी करताना

रात्रीपुरतं थांबणं आणि मोसमभर राहणं यांत फरक आहे. गाडी आडवी-उभी दोन्हीकडून समतल करा. प्रोपेनवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज कलला तर त्यातला द्रव नीट फिरत नाही आणि कायमचा बिघडतो.

वीज लावण्याआधी जागेवरच्या विजेच्या खांबावरचा दाब मल्टिमीटरने तपासा, आणि मध्ये व्होल्टेज पडल्यावर वीज तोडणारं संरक्षक यंत्र बसवा. नुसती वाढलेली वीज अडवणारी पट्टी पुरत नाही. जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये खरा धोका कमी दाबाचा असतो. शनिवारी दुपारी सगळ्यांचे एसी चालू झाले की १२० व्होल्टचे १०५ होतात, एसीची मोटर तेच काम करायला जास्त करंट ओढते आणि तापून जळते. चांगली यंत्रं साधारण १०४ व्होल्टखाली आपोआप तोडतात.

३० अँपच्या जोडणीवर एकूण ३६०० वॉट मिळतात. सतत वापरासाठी २४ अँपच धरा. १३,५०० बीटीयूचा एसी चालताना साधारण १३ ते १५ अँप घेतो. १५०० वॉटची इंडक्शन शेगडी १२.५ अँप. विजेवरचा गिझर आणखी १२. म्हणजे एसी आणि गिझर चालू असताना इंडक्शनवर कुकर लावला की ब्रेकर पडणारच. स्वयंपाक प्रोपेनच्या शेगडीवर किंवा गिझर बंद करून, हा नियम घरात लावून घ्या. आणि भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे नुसता गुरगुरतो, चटणी होत नाही. ११० व्होल्टचा घ्या.

पाण्याच्या नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, मग नळी. उलटं लावलं तर गाडी वाचते पण नळी फुटते. रेग्युलेटर ४५ ते ५० पीएसआयला ठेवा. डोंगरातल्या टाकीवरून येणारं पाणी याच्या दुप्पट दाबाने येऊ शकतं आणि आतले सांधे उसवतात. नळी पिण्याच्या पाण्यासाठीची, शिसेविरहित. बागेची हिरवी नव्हे. सप्टेंबरात उंचावर रात्री पारा गोठणबिंदूखाली जायला लागला की झोपण्याआधी नळी काढून रिकामी करा.

सांडपाण्याचं थोडं खोलात सांगायला हवं, कारण नव्यांची हमखास चूक इथेच होते. गाडीत दोन टाक्या असतात: शौचालयाची ब्लॅक आणि आंघोळ-भांड्यांची ग्रे. जागेवर गटाराची जोडणी आहे म्हणून लोक ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. पाणी वाहून जातं, घट्ट मैला तिथेच राहतो आणि भोकाखाली त्याचा सुळका वाढत जातो. महिन्याभरात तो दगडासारखा होतो. म्हणून:

१. ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या.
२. आधी ब्लॅक सोडा. जोरात वाहिलं पाहिजे. रिमझिम आलं तर टाकी पुरेशी भरली नव्हती.
३. ब्लॅक बंद करून मग ग्रे सोडा. साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं.
४. दोन्ही बंद. ब्लॅकमध्ये ३-४ गॅलन स्वच्छ पाणी ओतून नवी सुरुवात.

नळीला गाडीपासून गटारापर्यंत सलग उतार हवा. मधे झोळ पडला की तिथे साचतं. हातमोजे वेगळे ठेवा आणि ही नळी धुवायचा पाइप पिण्याच्या पाण्याच्या पाइपजवळ ठेवू नका. टॉयलेट पेपरऐवजी पाणी वापरणाऱ्या आपल्या घरांत सुळक्याचा त्रास कमी होतो, टाकी मात्र लवकर भरते. आपला खरा शत्रू ग्रे टाकीत असतो: फोडणीचं तेल, तूप, डाळीचा राप. तो भिंतींना चिकटतो, टाकी भरल्याचं सांगणारे सेन्सर आंधळे करतो आणि उन्हात वास सोडतो. कढई आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. सिंकला बारीक जाळी. भाताची पेज सिंकमध्ये ओतू नका.

उंदरांची सोय आल्याच दिवशी करा. वीज आणि पाण्याच्या नळ्या गाडीत शिरतात तिथली फट स्टील वूलने बुजवा.

रोजचं काम

सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, आणि मधे कचरा-शौचालय. फेरीत प्रत्येक साइटच्या (मुक्कामाच्या एकेका जागेच्या) खांबावरची नोंद आणि तिथली गाडी जुळते का, मुक्काम संपलेला कोणी बसलाय का, हे पाहायचं. बहुतेक ठिकाणी एका साइटला ६ माणसं आणि २ गाड्या एवढीच मुभा असते. चार मराठी कुटुंबं एकाच साइटवर पातेली मांडून बसली की होस्टचं धर्मसंकट सुरू होतं. तिथे मराठीत बोला, पण नियम तोच सांगा. पैशाला हात लावायचा नाही. शुल्काची पाकिटं लोखंडी पेटीत पडतात. ती उघडायचा अधिकार लेखी मिळाल्याशिवाय किल्लीही घेऊ नका.

रिकाम्या साइटची फायर रिंग (शेकोटीचं कडं) साफ करताना आधी हाताची पालथी बाजू राखेवर धरा. वरची राख गार, पांढरी दिसते. दोन बोटं खाली निखारे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जिवंत असतात. ऊब लागली तर पाणी ओता, फावड्याने ढवळा, पुन्हा पाणी, पुन्हा हात. फसफस थांबली म्हणजे विझलं असं नाही. ढवळल्यावर राखेचा चिखल झाला पाहिजे. मग लोखंडी बादलीत, झाकण लावून. प्लास्टिकच्या डब्यात टाकलेल्या राखेने कचराकुंडी पेटते. अर्धवट जळलेले कॅन, फॉइल, बाटल्यांचे तुकडे हाताने नाही, चिमट्याने. पाहुण्यांना सरपण जवळपासच विकत घ्यायला सांगा. दूरवरून आणलेल्या लाकडातून एमराल्ड ॲश बोररसारखे किडे नव्या जंगलात पोचतात.

पाण्याविना चालणारं व्हॉल्ट शौचालय घाण मारत असेल तर फिनेल ओतू नका. भिंतीतल्या खालच्या जाळीतून हवा आत येते, भांड्यातून टाकीत उतरते आणि उंच पाइपने वर निघते. जाळीत पानं अडकली किंवा कोणी दार उघडं अडकवून ठेवलं की हवेचा हा प्रवाह मोडतो. जाळी साफ करा, दार मिटू द्या. टाकीत डायपर, बाटल्या, कपडे पडले तर लगेच रेंजरला कळवा. उपसणाऱ्या ट्रकची नळी त्यानेच तुंबते.

पश्चिमेकडच्या राज्यांत बंद कोठीत उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका. धुळीतून हंटाव्हायरस फुप्फुसात जातो. दारं उघडून अर्धा तास वारा खेळू द्या. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारा, पाच मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून कागदाने पुसून घ्या. ब्लीच अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका.

अस्वलांच्या मुलखात ‘अन्न’ शब्दाचा अर्थ वास येणारं सगळं. चिवड्याचा डबा, लोणचं, टूथपेस्ट, उदबत्तीचा पुडासुद्धा. पक्क्या भिंतींच्या आरव्हीत बहुतेक ठिकाणी ठेवलेलं चालतं, कापडी भिंतींच्या ट्रेलरमध्ये नाही. बाहेरच्या टेबलावर दहा मिनिटंही ठेवून आत जाऊ नका. होस्टचंच टेबल बघून बाकीचे शिकतात.

नियम मोडणारा पाहुणा

होस्ट पोलीस नाही. रात्री दहानंतर जनरेटर चालू असेल तर एकदा जायचं, उजेडात उभं राहून नमस्कार-चमत्कार करायचा, ‘शांततेची वेळ झालीये, तुम्हाला कदाचित माहीत नसेल’ एवढं सांगायचं आणि लगेच परतायचं. तिथे उभं राहून तो बंद करतोय का हे बघत बसलात, तर त्याला मित्रांसमोर माघार घ्यावी लागते आणि भांडण तिथेच होतं. पाठ फिरवली की दहातले आठ जण बंद करतात. उरलेल्यांकडे दुसऱ्यांदा जायचं नाही. साइट क्रमांक, गाडीची नंबरप्लेट, वेळ लिहा आणि रेंजरला कळवा. दारू, बंदूक, घरगुती मारामारी दिसली तर पहिल्यांदाही जायचं नाही.

रात्री अकराला दार वाजवून ‘बर्फ कुठे मिळेल’ विचारणारे येतातच. ‘कामाची वेळ संपली’ अशी पाटी, तातडीचा फोन नंबर आणि जवळच्या दुकानाचा नकाशा दाराबाहेर लावा. पाटी लावायला संकोचणारे जोडपे ऑगस्टपर्यंत थकून जाते.

मोसम संपताना

तास रोजच्या रोज वहीत लिहा आणि महिन्याला पर्यवेक्षकाची सही घ्या. संघराज्याच्या सहभागी संस्थांत मिळून २५० तास भरले की अमेरिका द ब्यूटिफुल मालिकेतला, संघराज्याच्या उद्यानांत प्रवेश देणारा वर्षभराचा स्वयंसेवक पास विनामूल्य मिळतो. आठवड्याला २० तास धरले तर तेरा आठवडे. पुढच्या वर्षी तिथेच यायचं असेल तर निघण्याआधी बोला, ऑक्टोबरात जाहिरात निघायची वाट पाहू नका.

दोन नेमणुकांमध्ये तीन आठवड्यांची फट पडली तर ब्युरोच्या मोकळ्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस एका जागी विनाशुल्क राहता येतं. तिथे ना नळ, ना गटार. म्हणून होस्टची जागा सोडण्याच्या सकाळी क्रम असा: ब्लॅक, ग्रे, पिण्याची टाकी काठोकाठ, प्रोपेन, मग टायरची हवा. चार महिने उभ्या राहिलेल्या टायरमध्ये ती कमी झालेलीच असते. ती थंड टायरवर, वीज अजून जोडलेली असतानाच भरा, पंपाला लागते.